‘उचलली की पळणारच’ हे निदान नव्हे

जिप्सी किंवा जुनी जीप दोन-तीन इंच उचलायची, मोठे टायर चढवायचे आणि गॅरेजबाहेर काढायची. थोड्याच दिवसांत मालक परत येतो. तक्रार ठरलेली : गाडी सरळ चालत नाही. उत्तरंही ठरलेली. ‘उचलली ना, मग पळणारच.’ ‘अलाइनमेंट मारून घ्या.’ ‘डॅम्पर टाका, बसेल.’ ‘आपले रस्तेच असे, गाडी काय करणार?’ आणि सगळं करून थकल्यावर शेवटचं : ‘हे काम जालन्याचं नाही, पुण्याला न्या.’

या पाच उत्तरांपैकी एकही निदान नाही. पहिलं हात झटकतं. दुसरं चुकीच्या दुकानात पाठवतं. तिसरं लक्षण दाबून टाकतं. चौथं दोष रस्त्याच्या गळ्यात घालतं. आणि पाचवं इथल्याच मिस्त्रींना कमी लेखतं, तेही ज्या कामात ते तरबेज आहेत नेमक्या त्याच कामात. म्हणून पाचही उत्तरांचा समाचार घेणं भाग आहे.

हौशी पोरांचा विषय म्हणून हा सोडून देता आला असता, पण जालना जिल्ह्यात तसं करता येत नाही. वर भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगरांचे उतार, खाली अंबड, घनसावंगी, परतूरच्या पट्ट्यात गोदावरीपर्यंत काळी जमीन, आणि मधून समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून सकाळी मोसंबीच्या बागेत गाऱ्यात रुतलेली गाडी दुपारी सरळसोट काँक्रीटवर धावू शकते, आणि तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. बांधावरच्या वाटेवर ताशी २० च्या वेगात स्टिअरिंग थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच ढिलेपणा समृद्धीवर शेजारच्या लेनमध्ये नेऊन घालतो.

आता पहिलं उत्तर. ‘उचलली की पळणारच’ म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मान्य करायला हवं. कारखान्यात गाडीची उंची, कमानींचा कल, लिंकचा उतार हे सगळं एकमेकांचा हिशेब धरून ठरवलेलं असतं. एक हललं की बाकीचं हलतं. पण ‘हलतं’ म्हणजे ‘बिघडणारच’ असं नाही. किती हललं ते मोजता येतं. मोजलं की ते सुधारता येतं, नाहीतर ‘हे सुधारणार नाही, उंची कमी करा’ असं छातीठोकपणे सांगता तरी येतं. ‘पळणारच’ या शब्दात मोजमाप कुठेच नाही.

जिप्सीच घ्या. १९८५ ला आलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास बंद झाली, पण शेतावर आणि हौशी लोकांकडे अजून टिकून आहे. पुढे-मागे कमानपाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल. तिला उचलायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी. पुढच्या कमानीचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो ५० मिमीने लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून तेवढं खाली जातं, मागचं टोक मात्र जागेवरच राहतं. पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत साधारण १ मीटर धरला तर हा जवळजवळ ३ अंशांचा कल झाला. पाट्याला बांधलेला अ‍ॅक्सलही तेवढाच फिरतो आणि किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिची, वरची बाजू पुढे झुकते. उंची मिळते फक्त निम्मी, म्हणजे एक इंच, कारण अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्याजवळ असतो.

किंगपिनचा मागे झुकलेला कोन म्हणजे कॅस्टर. सायकलचा चिमटा तिरका असतो म्हणून हँडल सोडूनही सायकल सरळ जाते, तसंच काम हा कोन गाडीत करतो. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं ते त्याच्यामुळे. अशा गाड्यांना कारखान्यातून मिळणारा कॅस्टर मुळात तीन-चार अंशांच्या घरात असतो. म्हणजे एका इंचाच्या उंचीपायी मालकाने तो जवळपास सगळा घालवला. मग वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी वाहवते आणि चालक दर क्षणाला तिला सावरत राहतो. याला म्हणतात गाडी पळणं. कारण एक आहे, ठाऊक आहे आणि त्याचा आकडाही आहे.

उपायही ठाऊक आहे : पाटा आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीमध्ये कोनाची पाचर घालून किंगपिन परत मागे झुकवायची. पण पाचर अंदाजाने घालायची नसते. उचलण्याआधी आणि नंतर किंगपिनच्या वरच्या सपाट झाकणावर कोनमापक ठेवून फरक बघायचा. सपाट फरशीवर मोबाइलमधला कोनमापकसुद्धा फरक दाखवायला पुरतो. शिवाय पाचरीची किंमत मोजावी लागते. अ‍ॅक्सल मागे झुकला की डिफरन्शियलचं तोंड खाली जातं, पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि फोर-व्हील लावल्यावर गाडी घुमायला लागते. तेव्हा किती अंश परत मिळवायचे आणि किती सोडून द्यायचे, हा निवाडा मिस्त्रीने करायचा असतो. ‘पळणारच’ म्हणणारा हा निवाडाच टाळतो.

दुसरं उत्तर : अलाइनमेंट. हे सगळ्यात लोकप्रिय, कारण त्यात मशीन आहे, स्क्रीन आहे आणि हातात कागद पडतो. मशीन खोटं बोलत नाही हे मान्य. पण मशीन उभ्या गाडीच्या चाकांचे कोन सांगतं. टाय रॉडचा एंड किती ढिला आहे, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट चॅसीवर सरकतात का, किंगपिनचं बेअरिंग घासलंय का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि ते सांगतही नाही. ज्या सांध्यात दोन-तीन मिलिमीटरचा प्ले आहे त्याच्यावर बसून टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, एक-दोन मिलिमीटरने बरोबर करणं निरर्थक आहे. चाकं स्टँडवर एका जागी असतात, रस्त्यावर दुसऱ्या जागी जातात.

दुसरी गोष्ट अशी की मशीनमध्ये भरलेली मापं मूळ उंचीच्या गाडीची असतात. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाल्याला फिरवता येण्याजोगा एकच आकडा असतो, तो म्हणजे टो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हा अ‍ॅक्सलच्या घडणीतच आहे, त्याला फिरवायचा नट नाही. स्क्रीनवर कॅम्बर लाल दिसला तर त्याचा अर्थ अ‍ॅक्सल वाकलाय किंवा किंगपिनचं बेअरिंग गेलंय. म्हणजे मशीनने खरं निदान समोर ठेवलेलं असतं. पण दुकानदार ‘ह्याला अ‍ॅडजस्टमेंट नाही’ म्हणून तो आकडा सोडून देतो, टो हिरवा करतो, पैसे घेतो आणि गाडी लावून देतो. मालक खूश, कारण कागदावर एक तरी ओळ हिरवी आहे.

खरं निदान गाडीखाली होतं आणि त्याला वीजही लागत नाही. चारही चाकं जमिनीवर टेकलेली, गाडी जॅकवर नाही. एक जण आत बसून स्टिअरिंग वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे असं संथ हलवत राहतो. दुसरा खाली झोपून तळहात सांध्यावर असा ठेवतो की दोन्ही भाग एकाच वेळी हाताला लागतील. बॉक्सपासून सुरुवात : बॉक्स स्वतः चॅसीवर हलतोय का, बोल्टांभोवती पत्र्याला तडा आहे का. मग पिटमन आर्म, मग ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, मग टाय रॉडची दोन्ही टोकं, मग नकल. ज्या सांध्याचा एक भाग आधी हलतो आणि दुसरा किंचित उशिरा, तो सांधा गेला. डोळ्याला न दिसणारा तो ‘टक्’ तळहाताला बरोबर लागतो. रबरी टोपी फाटलेली असेल, आत ग्रीसऐवजी वाळलेली काळी माती भरलेली असेल, तर हात लावायच्या आधीच उत्तर मिळालं.

मग जॅक लावायचा, खाली घोडी ठेवायची आणि चाक घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. हललं तर आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. मग ३ आणि ९ च्या जागी धरायचं. फक्त तिथेच हललं तर टाय रॉडचा एंड. दोन माणसं आणि एक जॅक, बस्स. ही तपासणी न करता गाडी अलाइनमेंटला पाठवणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात टाकतो.

आणि ही माझी लहर नाही, कायदाही हेच बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगचा मोकळा प्ले स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांहून जास्त नको, लिंकेजचे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले हवेत, बोल्ट आणि पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात. या नियमाचा रोख सांध्यांवर आहे. गॅरेजने सुरुवातही तिथूनच करावी.

अलाइनमेंटच्याच पोटात आणखी एक उपद्व्याप शिरलाय. उचलल्यावर स्टिअरिंग व्हील वाकडं होतं, म्हणून ते उपटून स्प्लाइनवर सरळ करून परत बसवायचं. दिसायला काम चोख, पण ही दुरुस्ती म्हणजे धूळफेक आहे. व्हील वाकडं का झालं ते बघा. जिप्सीत ड्रॅग लिंक आडवा असतो, एक टोक चॅसीवरच्या बॉक्सच्या आर्मला, दुसरं टोक पलीकडच्या चाकाच्या आर्मला. समजा लिंक ८०० मिमीचा आहे आणि मुळात त्याला ५० मिमीचा उतार आहे. गाडी ७५ मिमीने उचलली की उतार १२५ मिमी होतो आणि लिंकची आडवी पोच सुमारे ८ मिमीने आखडते. चाकावरचा आर्म १५० मिमीचा धरला तर हे ३ अंश झाले, आणि बॉक्सचं गुणोत्तर १८ च्या आसपास धरलं तर व्हीलवर ५० अंशांहून जास्त.

व्हील उपटून फिरवलं की नजरेला सरळ दिसतं, पण आत बॉक्स तेवढाच वाकडा राहतो. बॉक्सची घडण अशी असते की ऐन मध्यावर त्याचा प्ले सगळ्यात कमी असतो, बाजूला गेलं की वाढतो. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी नेमकी त्याच जागी चालते जिथे बॉक्स ढिला आहे. शिवाय एका बाजूला वळण जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बरोबर रीत उलटी आहे : आधी बॉक्स मध्यावर आणायचा, मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवून चाकं सरळ करायची.

तेवढ्यानेही उतार जात नाही. वरच्याच आकड्यांत चाक खड्ड्यात जाऊन कमान ५० मिमी दबली तर मूळ गाडीत लिंकमुळे चाक अर्ध्या अंशाहून थोडंच जास्त वळलं असतं. उचललेल्या गाडीत ते सुमारे अडीच अंश वळतं, म्हणजे जवळपास चौपट. चालक स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला असतो आणि प्रत्येक खड्डा गाडीला स्वतःच्या मनाने वळवतो. यावर उपाय म्हणजे बॉक्सकडचं टोक खाली आणणारा आर्म, नाहीतर चाकाकडचं टोक वर घेणारी जोडणी. अलाइनमेंट दहादा मारली तरी हा झटका तसूभर कमी होणार नाही, कारण तो चाकांच्या कोनात नाही, लिंकच्या उतारात आहे.

तिसरं उत्तर : डॅम्पर. साठ-सत्तरच्या वेगात एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. ज्याने अनुभवलंय त्याला त्याची भीती वेगळी सांगायला नको. स्टिअरिंग लिंकला आडवा शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावला की ही थडथड बहुतेक वेळा थांबते. म्हणून सगळे म्हणतात, डॅम्परनेच बरं झालं.

बरं झालं नाही, झाकलं गेलं. ही थडथड सुरू व्हायला दोन गोष्टी लागतात : कुठेतरी ढिलाई, आणि तिला हलवणारं काहीतरी, मग तो खड्डा असो, बॅलन्स बिघडलेला टायर असो वा चुकलेला कॅस्टर. किंगपिनच्या बेअरिंगचा ताण उतरला असेल, टाय रॉडचा एंड ढिला असेल, कमानीचे बुश गेलेले असतील, तर डॅम्पर त्यांचा मार स्वतः खातो. तो थकला की थडथड परत येते, आणि तोवर ढिला सांधा आणखी घासलेला असतो. साधी कसोटी अशी : निरोगी गाडी डॅम्पर काढूनही थडथडायला नको. मोकळ्या जागी, हळूहळू वेग वाढवत हे बघता येतं. डॅम्पर काढल्यावर थडथडत असेल तर दुरुस्ती अजून बाकी आहे.

यावर वाचणारी मंडळी एक दाखला पुढे करतात. अमेरिकेत जीप रँग्लरला हाच त्रास झाला आणि २०१९ मध्ये खुद्द कंपनीनेच गिऱ्हाइकांना डॅम्पर बदलून दिले. मग डॅम्पर हा इलाज कसा नाही? दाखला खरा आहे, पण तो त्यांच्याच विरोधात जातो. कंपनीचं म्हणणं असं होतं की थंडीत डॅम्परमधल्या तेलात वायूचे बुडबुडे अडकतात आणि त्याची पकड जाते. म्हणजे तिथे डॅम्पर हाच बिघडलेला भाग होता, आणि त्याचं कारण शोधून तो बदलला गेला. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या जालन्यात, वीस वर्षं जुन्या किंगपिनवर चालणाऱ्या, उचललेल्या जिप्सीला हा दाखला लावणं म्हणजे दुसऱ्याचं औषध आपल्याला पाजणं. त्या प्रकरणातून घ्यायचं असेल तर एवढंच घ्यावं, की आधी कारण, मग भाग.

चौथं उत्तर : रस्ते. यात तथ्य आहे, पण लोक सांगतात ते नव्हे. खराब रस्त्याने निरोगी स्टिअरिंग एका फेरीत ढिलं होत नाही. आधीच ढिलं असलेलं तो उघडं पाडतो. जालन्याच्या मातीचा खरा प्रताप वेगळाच आहे. पावसाळ्यात बागेतून गाडी काढली की चिकट काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, वाळून दगड होते आणि दिसत नाही, कारण बाहेरून गाडी धुतलेली असते. एका चाकात असा मूठभर थर एका बाजूला राहिला तरी बॅलन्स पार बिघडतो आणि हायवेला लागल्यावर स्टिअरिंग थरथरतं. म्हणून थरथरीची तक्रार आली की पहिलं काम रिम आतून धुणं आणि खरवडणं, दुसरं हवा बघणं. या दोन गोष्टी न करता थेट बॅलन्सिंगला धावू नये.

आणखी एक गोष्ट रस्त्याच्या नावावर खपते : रुंद टायरसाठी बाहेर आलेली रिम किंवा स्पेसर. चाक जितकं बाहेर तितका खड्ड्याचा धक्का किंगपिनपासून लांब लागतो आणि तितक्या जोराने स्टिअरिंगला झटका देतो. बेअरिंगवरचा भारही वाढतो. दोष खड्ड्याला द्यायचा, पण त्याच्या हातात लांब दांडा कुणी दिला?

पाचवं उत्तर, ‘पुण्याला न्या’, सगळ्यात जास्त बोचतं. जालना हे लोखंडाचं गाव आहे. भंगार वितळवून सळई करणारे कारखाने इथे आहेत, भंगार घेऊन येणारे आणि सळई घेऊन जाणारे ट्रक इथे रोज येतात-जातात. ट्रकला पुढे काय असतं? कमानपाटे, अखंड अ‍ॅक्सल, किंगपिन, ड्रॅग लिंक, टाय रॉड. जिप्सी आणि जुनी जीप यांचा पुढचा भाग जातीने कारपेक्षा ट्रकच्या जवळचा आहे. ट्रकचा मिस्त्री किंगपिनचा प्ले हाताने सांगतो, कमानीचा पाटा बघून ताण ओळखतो, ‘ट्रक तिरका चालतो’ हे मागून बघून सांगतो.

तिरकं चालणं हेच उदाहरण घ्या. गाडी एका बाजूला ओढते, हवा सारखी आहे, टायर अदलाबदल करूनही फरक नाही, ब्रेक अडकत नाही. कारवाला मिस्त्री इथे थांबतो. ट्रकवाला कमानीचा सेंटर बोल्ट बघतो. उचलताना यू-बोल्ट सोडून परत आवळलेले असतात. थोडं चालल्यावर ते बसतात आणि ढिले पडतात, पुन्हा आवळले नाहीत तर सगळा जोर त्या एका सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग अ‍ॅक्सलची एक बाजू मागे सरकते. हे तपासायला ओळंबा, खडू आणि टेप पुरतो. चॅसीवरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंपासून अ‍ॅक्सलपर्यंत जमिनीवर खुणा करायच्या आणि सरळ व तिरकी अंतरं ताडून बघायची. दोन तिरकी अंतरं जुळली नाहीत तर दोष सापडला. टो सुद्धा दोऱ्याने किंवा सरकत्या पट्टीने टायरच्या पुढे आणि मागे मोजून पक्का लावता येतो. ट्रकच्या गॅरेजात हे रोजचं काम आहे.

पुण्याचा सल्ला सगळ्याच गाड्यांना चुकीचा नाही, हेही सांगतो. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली थार वेगळ्या जातीची आहे. तिला पुढे अखंड अ‍ॅक्सल नाही, दोन्ही चाकं वेगळी टांगलेली आहेत. स्प्रिंगखाली स्पेसर घालून उचलली की खालचे आर्म खाली लोंबतात, कॅम्बर आणि टो दोन्ही एकदम बदलतात, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचे कोन आणि बॉल जॉइंटची मर्यादा आड येतात. इथे दोरा चालणार नाही, चांगलं अलाइनमेंट मशीन हवंच. ज्या प्रकारांत ईएसपी आहे तिथे व्हील सरळ केल्यावर कोन सांगणाऱ्या सेन्सरचं शून्य स्कॅनरने नव्याने लावावं लागतं, नाहीतर गाडीला वाटतं आपण वळतोय. २०२३ ची जिम्नी आणखी निराळी : अखंड अ‍ॅक्सल, पण कॉइल स्प्रिंगवर, आणि अ‍ॅक्सलला आडवी धरणारी दांडी. उचलली की ती दांडी अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकवते. म्हणून पहिला प्रश्न हा की गाडीचा पुढचा भाग कोणत्या जातीचा आहे. दुकान त्यानंतर निवडायचं. ‘पुण्याला न्या’ म्हणणारा हा प्रश्न विचारतच नाही.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप राहतो : गाडी उचलूच नका, हे बेकायदा आहे. आक्षेपात दम आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर अडून बसू शकते. ज्याला गरज नाही त्याने उचलू नये, आणि ज्याने उचलली त्याने परत मूळ उंचीवर आणली तर उत्तमच.

पण हा आक्षेप निदान न करण्याची सबब होऊ शकत नाही. गाडी आज रस्त्यावर आहे आणि समोरून दुचाकीवर येणाऱ्याला कलम ५२ वाचवणार नाही. बरं, मूळ उंचीवर आणल्यानेही ढिला सांधा घट्ट होत नाही, कापलेला सेंटर बोल्ट सांधत नाही, वाकलेला अ‍ॅक्सल सरळ होत नाही. उंची उतरवली तरी ही तपासणी करावीच लागेल. जो मिस्त्री ‘बेकायदा आहे’ म्हणून गाडीखाली जात नाही, पण अलाइनमेंटचे आणि डॅम्परचे पैसे घेतो, त्याच्या कायदाप्रेमावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

मालकाने गॅरेजकडे काय मागायचं, तेही ठरलेलं असावं. पहिली मागणी क्रमाची : रिम आणि हवा, मग चारही चाकं जमिनीवर असताना सांध्यांची तपासणी, मग जॅकवर बेअरिंग आणि किंगपिन, मग यू-बोल्ट आणि अ‍ॅक्सलची तिरकी मापं, मग कॅस्टर, मग लिंकचा उतार, मग बॉक्स मध्यावर ठेवून ड्रॅग लिंक, आणि सगळ्यात शेवटी टो. अलाइनमेंट या यादीत शेवटी येते, पहिली नाही. दुसरी मागणी कागदाची : आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही. तिसरी, बदललेला जुना भाग हातात द्यावा आणि त्यातला प्ले हलवून दाखवावा. जो दाखवू शकत नाही त्याने तो भाग का बदलला याचं उत्तर द्यावं.

यात जास्तीचा खर्च नाही, वेळ आहे. ट्रकचा मिस्त्री तो रोज देतो, कारण वीस-पंचवीस टन सळई घेऊन निघालेल्या चालकाला ‘पळणारच’ हे उत्तर ऐकवून चालत नाही. जिप्सीच्या मालकाने तरी ते का ऐकून घ्यावं? यापुढे कुणी ‘उचलली ना, मग पळणारच’ म्हणालं तर एकच विचारावं : किती अंशांनी, आणि कोणत्या सांध्यातून? आकडा आणि सांधा दोन्ही सांगता येत नसतील तर त्याने अजून गाडी पाहिलेलीच नाही, आणि न पाहिलेल्या गाडीचे पैसे द्यायचे नसतात.